तीन कॉटेज, तीन टक्के

बेल्मिराने कॉटेज मुलांत वाटायचं ठरवलं, ते मायेपोटी नाही. ठराव क्रमांक एकोणीसमुळे ठरवलं. कोणाचा गैरसमज नको म्हणून रविवारच्या जेवणात सूप वाढता वाढता तिने तसं आधीच सांगून टाकलं.

ठराव साधा होता. गावात ज्याची दोन किंवा जास्त घरं उन्हाळी पाहुण्यांना भाड्याने जातात, त्याने नेहमीच्या पर्यटक-करावर पाहुण्यांकडून आणखी तीन टक्के घ्यायचे आणि गावाकडे भरायचे. एकच घर असेल तर काही नाही. त्या पैशातून गावाने बारमाही राहणाऱ्यांसाठी घरं उभी करायची. शनिवारी गावसभेत मतदान होतं. अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या या पोकम नेक गावात दोन-दोन, तीन-तीन घरंवाले चाळीसेक तरी निघाले असते. पण ठराव लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एकच बाई होती, याबद्दल बेल्मिराला शंका नव्हती. कारण ठराव लिहिणारा तिचा सख्खा धाकटा भाऊ होता, झेफेरिनो. तो गावच्या पाच पंचांपैकी एक होता आणि गेली नऊ वर्षं तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता. खरं तर ती त्याच्याशी बोलली नव्हती, पण त्याने तरी कुठे आग्रह केला?

"वकिलाने कागद तयार ठेवलेत," ती म्हणाली. "ठराव पडला तर फाडून टाकायचे. पास झाला तर सोमवारी सह्या. एक नंबर ड्युआर्टला, तीन नंबर मेनाला, दोन नंबर माझ्याकडे. प्रत्येकाकडे एकच घर. बसू दे झेफला बोटं मोडत. आणि हे फक्त कागदावर हं. किल्ल्या माझ्याकडे, भाडं माझ्याकडे."

ड्युआर्ट आणि मेना, दोघांनीही चमचे खाली ठेवले.

तोवर तिच्या मुलांना या करात फारसा रस नव्हता. ड्युआर्ट, त्रेपन्न वर्षांचा, गावातला एकुलता एक प्लंबर. आठवडाभर समुद्र बघायला एवढे पैसे मोजणाऱ्याला तीन टक्के चावणार नाहीत, असं त्याचं मत होतं, पण आईपुढे ते मांडायची गरज त्याला कधी वाटली नव्हती. धाकटी मेना केस कापायचं दुकान चालवायची आणि दुकानाच्या वरच दोन भाड्याच्या खोल्यांत राहायची. घटस्फोटापासून तिने कसल्याच सभेला जायचं सोडलं होतं. आता दोघांच्याही चेहऱ्यावर एकदम मृदू भाव आले.

ड्युआर्ट म्हणाला की एक नंबरचं छप्पर गळतंय, या आठवड्यात तो बघून घेईल. ते छप्पर चौदा वर्षं गळत होतं. मेनाने आईच्या वाडग्यात न विचारता आणखी सूप घातलं आणि मग सहज म्हटल्यासारखं म्हणाली की तीन नंबर तसं लहानच, न्हाणीघरही एकच, आणि ड्युआर्टला राहायला स्वतःचं घर आहे. बेल्मिराने पुन्हा सांगितलं की सगळं कागदावरचं आहे.

"कागदावरचंच आहे ना?" मेना म्हणाली. "मग एक नंबर मला आणि तीन नंबर त्याला लिहिलं तर काय बिघडलं?"

यावर ड्युआर्टची बायको जॉयस खोकली. ती फार क्वचित खोकायची.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ड्युआर्टची मुलगी डेल्फिना बसली होती. गावाच्या रुग्णवाहिकेवर काम करायची. तिला सगळे डेल्फी म्हणत. ती आणि तिचा नवरा ऑक्टोबर ते जून दोन नंबरच्या कॉटेजमध्ये राहत. जूनमध्ये पाहुणे आले की सामान उचलून बापाच्या तळघरात जायचं, ऑक्टोबरात परत यायचं. सात वर्षं हेच चाललं होतं. गावातली निम्मी तरुण माणसं अशीच राहत, त्यामुळे त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे.

"दहा जूनला सकाळी दहापर्यंत मोकळं कर गं," बेल्मिरा तिला म्हणाली. "हार्टफर्डचे लोक अकराला टपकतात."

डेल्फी म्हणाली, "हो वोवो." आजीला ती लहानपणापासून वोवोच म्हणायची. मग तिने पाव मागितला. ओहायोतल्या एका इस्पितळाने दिलेल्या नोकरीचं पत्र तिच्या कोटाच्या खिशात होतं. आज जेवताना सांगायचं असं ती ठरवून आली होती. पण छपराचा आणि न्हाणीघराचा विषय इतका रंगला की तिने सूप संपवलं आणि ड्यूटीवर निघून गेली.

*

घरी जाताना जॉयस बराच वेळ गप्प होती. ड्युआर्टला ही शांतता ओळखीची होती. लग्नाला तीस वर्षं झाली होती आणि त्या तीस वर्षांतले सगळे मोठे निर्णय याच शांततेतून बाहेर पडले होते.

"मी काही म्हणत नाही," शेवटी ती म्हणाली. "पण कागदावर दिलेलं घर परत घ्यायला पुन्हा कागदच लागतो. आणि त्या कागदावर सही तुझी लागते."

ड्युआर्ट म्हणाला की आई अठ्ठ्याहत्तरची आहे, असं बोलणं बरं नाही. जॉयस म्हणाली की ती काहीच बोललेली नाही. पुढचा अर्धा मैल दोघांनी रस्ता पाहिला. मग ड्युआर्टच्याच मनात आलं: ठराव पडला तर आई कागद फाडणार. म्हणजे ठराव पडून चालणार नाही. हा विचार त्याने स्वतःहून केलेला नाही, आपोआप आला, असं त्याने स्वतःला बजावलं.

त्याच संध्याकाळी मेनाचा फोन आला. दोन महिन्यांत पहिल्यांदा. तिने छपराची चौकशी केली, त्याने तिच्या दुकानाची केली. शनिवारी सभेला येणार का, असं तिने विचारलं. येणार, तो म्हणाला. मीही येईन म्हणते, ती म्हणाली. मत कोणत्या बाजूने, हे दोघांनीही विचारलं नाही आणि फोन ठेवताना दोघांनाही कधी नव्हे ते भावंडांसारखं वाटलं.

*

झेफेरिनो आव्हिलाने तीस वर्षं गावच्या खाडीवर शिंपल्यांची राखण केली होती. परवान्याशिवाय कोणी शिंपले काढले की तो दंडाची पावती फाडायचा. नऊ वर्षांपूर्वी त्याने बहिणीच्या उन्हाळी पाहुण्यांना असंच पकडलं. पाहुणे म्हणाले, दाताळं आम्हाला घरमालकिणीने दिलं. त्याने पाहुण्यांना पावती दिली आणि मग गाडी काढून बहिणीच्या दारात जाऊन तिलाही दिली. नियमात शिंपले काढणारा आणि दाताळं देणारा, दोघंही दोषी होते. बेल्मिराने पावती घेतली, दार लावलं आणि ते त्याच्यासाठी पुन्हा उघडलं नाही.

ठराव त्याने बहिणीवर डूख धरून लिहिला नव्हता. शाळेत एकसष्ट पोरं उरली होती. बेकरी बंद पडली, कारण बेकरीवाल्याला राहायला जागा मिळेना. रुग्णवाहिकेवर आठ माणसं असायची तिथे चार राहिली. हे सगळं त्याने हिवाळाभर घरोघर जाऊन सांगितलं होतं. एक गोष्ट मात्र त्याने कोणाला सांगितली नव्हती. पहिल्या मसुद्यात त्याने 'चार किंवा जास्त घरं' असं लिहिलं होतं. मग बेल्मिराची तीन आहेत हे त्याला आठवलं. लोक म्हणतील बहिणीला वाचवलं. म्हणून त्याने चार खोडून दोन केलं.

शनिवारी सकाळी तो शाळेच्या व्यायामशाळेत सर्वांत आधी पोचला. घडीच्या खुर्च्या लागल्या होत्या, दाराशी आठवीच्या मुली डोनट विकत होत्या, आणि येणाऱ्या प्रत्येक मतदाराला नारिंगी कार्ड मिळत होतं. मत द्यायचं तर ते कार्ड डोक्यावर धरायचं. पोकम नेकमध्ये गुप्त मतदान फक्त निवडणुकीत होतं. गावसभेत जे करायचं ते शेजाऱ्याच्या देखत.

बेल्मिरा आली ती काळ्या कोटात, जणू कोणाच्या अंत्यविधीला. तिच्या मागे ड्युआर्ट, जॉयस आणि मेना. चौघं तिसऱ्या रांगेत बसली. झेफेरिनोच्या नेमकी मागे, कारण व्यासपीठाजवळच्या पहिल्या दोन रांगा पंचांच्या होत्या. रुग्णवाहिका बाहेर उभी करून डेल्फी गणवेशातच आली आणि दाराजवळ उभी राहिली.

सभा नऊला सुरू झाली. सभापती मिसेस क्रोवेल निवृत्त ग्रंथपाल होत्या. गावातल्या प्रत्येकाने कुठलं पुस्तक परत केलेलं नाही हे त्यांना अजून आठवायचं, त्यामुळे त्यांच्यापुढे कोणी आवाज चढवत नसे. पहिले बारा ठराव पंधरा मिनिटांत उरकले. तेराव्यावर, म्हणजे कुत्र्यांना किनाऱ्यावर किती वाजेपर्यंत मोकळं सोडावं यावर, पन्नास मिनिटं गेली. एक गृहस्थ रडले. एकोणिसावा आला तेव्हा डोनट संपले होते.

झेफेरिनोने ठराव मांडला. तो चांगला वक्ता नव्हता. लिहून आणलेलं वाचलं आणि बसला. ध्वनिक्षेपकासमोर लगेच रांग लागली आणि रांगेत पहिली बेल्मिरा होती.

सभेचा नियम असा की कोणी कोणाशी थेट बोलायचं नाही. सगळं सभापतींमार्फत. बेल्मिराला हा नियम फारच सोयीचा वाटला.

"सभापतीबाई," ती म्हणाली, "ठराव मांडणाऱ्या गृहस्थांना विचारा. खाडीच्या तोंडाशी बॉस्टनच्या माणसाचं सात खोल्यांचं घर आहे. माझ्या तिन्ही कॉटेजचं मिळून होत नाही एवढं भाडं तो त्या एका घराचं घेतो. त्याला हा कर किती?"

मिसेस क्रोवेल म्हणाल्या, "मिस्टर आव्हिला?"

"शून्य. त्याचं घर एकच आहे." झेफेरिनो उभा राहिला. "सभापतीबाई, बाईंना सांगा, एकच घर असलेल्याला वगळायचं हा कायदा राज्याने केलाय. सभेने ठरावाला फक्त हो किंवा नाही म्हणायचं."

"गृहस्थांना सांगा, मग नाही म्हणा. माझ्या नवऱ्याने, जाकिंटोने, मासेमारी बंद असायची त्या तीन हिवाळ्यांत ती घरं स्वतःच्या हातांनी बांधली. गृहस्थ तेव्हा मदतीला होते. निम्मे खिळे वाकडे ठोकले."

"सभापतीबाई, खिळे जाकिंटो वाकडे ठोकायचा. मी ते सरळ करत होतो."

"तू? तुला हातोडा कुठल्या बाजूने धरतात ते ठाऊक नव्हतं."

"मग तीन नंबरची पायरी कोणी बसवली? चाळीस वर्षं शाबूत आहे."

"शाबूत आहे कारण तिच्यावर कोणाचा पाय पोचत नाही. वीतभर उंच बसवलीस तू ती. दरवर्षी एखादा पाहुणा तोंडावर पडतो."

"मला सांगायचं होतंस. मी खाली घेतली असती."

"कशी सांगणार होते? बोलत होतो का आपण?"

मिसेस क्रोवेलनी नियम मोडल्याबद्दल हातोडा उचलला होता. त्यांनी एकदा भावाकडे, एकदा बहिणीकडे पाहिलं आणि हातोडा हळूच पुन्हा खाली ठेवला. व्यायामशाळेत तीनशे माणसं बसली होती. सगळ्यांना नऊ वर्षांची गोष्ट माहीत होती, आणि कोणाची खुर्चीही करकरली नाही. भावंडांना ते कळायला जरा वेळ लागला. मग दोघांचीही मान एकदमच खाली गेली.

"पायरीचं सभेनंतर बघू," मिसेस क्रोवेल म्हणाल्या. "पुढे कोण?"

पुढे मेना होती.

मेना रांगेत कधी जाऊन उभी राहिली हे जाग्यावर परतलेल्या बेल्मिराने पाहिलंच नव्हतं. तिला वाटलं, पोरगी आईची बाजू घ्यायला उठली, आणि तिचा ऊर भरून आला. मेना ठरावाच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलली नाही. तिला गावच्या वकिलाला फक्त एक शंका विचारायची होती.

"समजा," मेना म्हणाली, "एखाद्या बाईची तीन घरं आहेत. कुठलीही बाई. तिने त्यातली दोन मुलांच्या नावावर केली, म्हणजे नुसती कागदावर, तर चालतं का?"

तीनशे माथी एकदम तिसऱ्या रांगेकडे वळली. बेल्मिरा समोरच्या बास्केटबॉलच्या जाळीकडे बघत राहिली. आयुष्यात एवढं लक्ष देऊन तिने ती कधी पाहिली नव्हती.

वकील तरुण होता, पण बावळट नव्हता. तो म्हणाला, नावावर करायला कायद्याची काहीच आडकाठी नाही. मात्र देणं खरं असलं पाहिजे. ज्याच्या नावावर घर त्याच्याच नावाने नोंदणी, त्याच्याच खात्यात भाडं, किल्ल्याही त्याच्याकडे. घर कागदावर मुलाचं आणि भाडं आईच्या खिशात, असं केलं तर ती करचुकवेगिरी आणि दंड कराच्या दुप्पट.

बेल्मिराने मान वळवून मुलांकडे पाहिलं. आईने आपल्याला फसवलं, अडकवलं, असं काही त्यांच्या तोंडावर दिसेल अशी तिची अपेक्षा होती. ड्युआर्ट आणि जॉयस एकमेकांकडे बघत होते, आणि जाग्यावर येऊन बसलेल्या मेनाच्या गालांवर चक्क लाली चढली होती. किल्ल्याही त्याच्याकडे. भाडंही त्याच्याच खात्यात. बेल्मिराला सारं एका क्षणात उमगलं. ती घाईघाईने पुन्हा बास्केटबॉलच्या जाळीकडे वळली.

*

डेल्फी बोलणार नव्हती. ती दाराशी उभी होती, कमरेला रेडिओ, आणि हाक आली तर निघायचं म्हणून एक खांदा दाराबाहेर. पण रांगेतला शेवटचा माणूस बोलून झाला आणि मिसेस क्रोवेलनी आणखी कोणी आहे का असं विचारलं, तेव्हा तिचे पाय पुढे निघाले. वाटेत तिला आजीच्या खुर्चीला वळसा घालावा लागला.

"मी डेल्फिना फुर्टाडो," ती म्हणाली. "रुग्णवाहिकेवर असते. मी हिवाळ्यात बॅक शोअर रोडवर राहते, आजीच्या कॉटेजमध्ये. जानेवारीत हॉपकिन्स आजोबा घरी कोसळले तेव्हा आम्ही चार मिनिटांत पोचलो, कारण मी तिथून तीन घरांवर होते. ते आज इथे बसलेत."

हॉपकिन्स आजोबांनी हात वर केला, मत देतात तसा, आणि शेजारच्याने तो खाली केला.

"आम्ही चौघं आहोत. दोघं पुलापलीकडे राहायला गेले, इथे घर मिळेना म्हणून. त्यांना यायला चाळीस मिनिटं लागतात. उन्हाळ्यात रस्त्यावर गाड्या असल्या की तासभर. तिसरा भाड्याची जागा शोधतोय. चौथी मी. मला ओहायोत नोकरी मिळालीय, घरासकट. मी हो म्हटलंय." ती थांबली. तिसऱ्या रांगेकडे तिने पाहिलं नाही. "मी कोणाच्या विरुद्ध बोलत नाही. आजीने मला सात हिवाळे डोक्यावर छप्पर दिलं. पण उन्हाळ्यात ती घरं पाहुण्यांची असतात आणि आम्ही नसतो. म्हणून एवढंच सांगायचंय. कृपा करून कोणी जुलैत पडू नका."

आधी लोक हसले. मग हसू थांबलं.

बेल्मिराच्या कानात एकच शब्द राहिला होता, ओहायो. ही पोरगी रविवारी तिच्या टेबलावर बसून सूप प्यायली, पाव मागून घेतला, आणि ओहायोबद्दल चकार शब्द काढला नाही. मग बेल्मिराला आठवलं की टेबलावर त्या दिवशी दुसऱ्या कोणाला बोलायला जागाच नव्हती. बोलणं सगळं छपराचं होतं, आणि छप्पर तिनेच काढलं होतं.

मिसेस क्रोवेलनी मतदान पुकारलं. बाजूने असतील त्यांनी कार्ड वर करा.

झेफेरिनोचं कार्ड वर गेलं. दाराजवळ डेल्फीचं गेलं, हात कोपरात न वाकवता, सरळ. मग इकडे तिकडे, खुर्च्याखुर्च्यांतून नारिंगी कार्डं उगवायला लागली. बेल्मिराच्या डाव्या हाताला ड्युआर्टने कान खाजवायला हात उचलला. त्या हातात कार्ड होतं आणि कान खाजवून झाला तरी ते खाली येईना. जॉयसने कार्ड छातीशी धरलं होतं. ते इंचाइंचाने वर सरकलं आणि हनुवटीपाशी स्थिरावलं. मेना कार्डाने वारा घेत होती. वारा घेता घेता तिचा हात डोक्याच्या वर गेला आणि मोजणारा माणूस रांगेतून पुढे सरकेपर्यंत तिथेच हलत राहिला.

बेल्मिराने तिघांकडेही पाहिलं नाही. विरुद्ध मत असणाऱ्यांना पुकारल्यावर तिने आपलं कार्ड ताठ वर केलं. तिसऱ्या रांगेत ते एकटंच होतं.

बाजूने एकशे चोपन्न, विरुद्ध एकशे एक्कावन्न. ठराव मंजूर.

बेल्मिरा शाळेत गणितात हुशार होती. तीन मतं इकडची तिकडे गेली असती तर आकडे उलटे आले असते, हे समजायला तिला बोटं लागली नाहीत. कराच्या तीन टक्क्यांतून सुटायला तिने मुलांना घरांची आशा दाखवली, आणि त्या आशेनेच कर पास केला. तिला राग यायला हवा होता. तो आलाही. पण रागाच्या मागोमाग हसूही आलं. ते दाबायला तिला कोटाची कॉलर तोंडापर्यंत ओढून घ्यावी लागली. ड्युआर्टला वाटलं आई रडतेय. त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने तो झटकला.

*

जेवणाच्या सुट्टीत बेल्मिरा बाहेर आली. रुग्णवाहिकेच्या मागच्या पायरीवर डेल्फी सँडविच खात बसली होती. आजीला येताना पाहून ती उठायला लागली. बेल्मिराने हातानेच बस म्हटलं आणि स्वतः तिच्या शेजारी टेकली. पायरी थंड होती.

"ओहायोत समुद्र आहे?"

"मोठं तळं आहे."

"तळं," बेल्मिरा म्हणाली, आणि त्या शब्दाची चव न आवडल्यासारखं तिने तोंड केलं. मग विचारलं, "कधी निघणार?"

"दहा जूनला. सामान तसंही त्या दिवशी बाहेर काढायचंच असतं. म्हटलं एकदाच उचलू."

बेल्मिरा समोरच्या मोकळ्या मैदानाकडे बघत राहिली. "दोन नंबर तुझं," ती म्हणाली. "बारा महिने. कागदावर नाही, खरंच. सोमवारी वकिलाकडे चल."

डेल्फीने सँडविच खाली ठेवलं. "मतदान झालंय, वोवो."

"म्हणून तर आत्ता सांगतेय. आधी सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस मत मागायला आली."

"म्हणाले असते," डेल्फीने कबूल केलं. "आणि हार्टफर्डचे लोक? बावीस वर्षं येतात ते."

"त्यांना वाईट वाटेल. पण त्यांना हार्टफर्डला घर आहे."

डेल्फीने मांडीवरचे पावाचे कण झटकले. तिने ओहायोला शब्द दिला होता. नवऱ्याने तिकडे काम बघून ठेवलं होतं. आणि आजीचा स्वभाव तिला माहीत होता. आज देते म्हणते ती सोमवारपर्यंत देईल का, हा प्रश्न तिने सात वर्षांत पुष्कळदा मनात गिळला होता. या वेळी तिने तो गिळला नाही, सरळ विचारला.

"देईन," बेल्मिरा म्हणाली. "रागावले म्हणून देतेय असं वाटतंय ना तुला? रागावलेच आहे. पण तुझ्यावर नाही."

"मीही बाजूने मत दिलं."

"बघितलं ना मी. झेफ सोडला तर तुझं कार्ड सगळ्यांच्या आधी वर गेलं. हात सरळ. तुझ्या बापाने ते कानाला चिकटवलं, आणि तुझी आत्या वारा घेत होती. मी ज्याला घर द्यायचं त्याला निदान हात तरी वर करता आला पाहिजे."

डेल्फी हसायला लागली आणि हसता हसता तिने गणवेशाच्या बाहीला डोळे पुसले. तेवढ्यात रेडिओ खरखरला. बंदरावर कोणाच्या तरी बोटात गळ रुतला होता. ती उठली, मागचं दार लावून घेतलं, आणि जाता जाता म्हणाली, "नवऱ्याशी बोलावं लागेल."

"बोल. पण तो काय म्हणतो ते मला सांगत बसू नकोस. सोमवारी दहाला ये, दोघंही या."

दोघंही आली. ड्युआर्ट, जॉयस आणि मेनाही आली, ड्युआर्ट तर टाय लावून. वकिलाच्या टेबलावर एकच कागद होता. तो वाचून झाल्यावर ड्युआर्टने आईला अतिशय शांतपणे हिशोब समजावला. दोन नंबर डेल्फीला दिलं तर आईकडे एक आणि तीन राहतात, म्हणजे दोन घरं, म्हणजे कर लागणारच. त्यातलं आणखी एक दिलं की कर शून्य. मग आईच्या या सगळ्या खटाटोपाचा उपयोग काय झाला?

"मला कर भरायचाय," बेल्मिरा म्हणाली, आणि सही केली.

त्या आठवड्यात तिने हार्टफर्डला स्वतः फोन केला. तिथल्या बाई आधी रडल्या, मग त्यांनी एक नंबर घेतलं. बाकीच्या पाहुण्यांनाही तिने एकेक करून कळवलं की या वर्षापासून तीन टक्के जास्त पडतील. ज्याने ज्याने कारण विचारलं, त्याला त्याला तिने ठराव मांडणाऱ्या पंचांचं नाव दिलं आणि त्यांच्या घरचा फोन नंबरही. गृहस्थ फार सज्जन आहेत, ती म्हणायची, सगळं नीट समजावून सांगतात.

जून संपेपर्यंत झेफेरिनोचा फोन दर शनिवारी वाजायला लागला. न्यू जर्सीचे दंतवैद्य, कनेक्टिकटच्या शिक्षिका, कॅनडाचं एक जोडपं ज्यांना फ्रेंचच यायचं. तो प्रत्येकाला शाळेबद्दल, बेकरीबद्दल आणि रुग्णवाहिकेबद्दल सांगायचा. जुलैच्या मध्यापर्यंत त्याचं बोलणं गावसभेतल्यापेक्षा पुष्कळ सुधारलं. ऑगस्टात मात्र त्याला जेवण गरम असताना मिळेना. एका शनिवारी त्याने बहिणीचा नंबर फिरवला. हे किती दिवस चालणार, त्याने विचारलं.

"डेल्फी दोन नंबरात राहतेय तोवर," बेल्मिरा म्हणाली.

झेफेरिनोने जरा विचार केला. "मग चालू दे," तो म्हणाला. त्याने फोन ठेवला आणि तो लगेच पुन्हा वाजला.